वेस्टर्न सॅडलवरची काळवंडलेली चांदी: चामड्याला धक्का न लावता ती कशी उजळायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमधल्या एका मराठी कुटुंबाने मुलीच्या फोर-एच या मुलांच्या क्लबच्या हॉर्स शोसाठी जुनी वेस्टर्न शो सॅडल, म्हणजे काउबॉय पद्धतीचं खोगीर, विकत घेतली आहे. चामडं चांगलं आहे, पण स्कर्टच्या (बैठकीखालच्या रुंद चामड्याच्या) कोपऱ्यांवरच्या चांदीच्या पट्ट्या, कॅन्टलची (बैठकीच्या उंच मागच्या काठाची) किनार, हॉर्नवरची (पुढच्या खुंटीवरची) टोपी आणि कॉन्चो, म्हणजे शोभेच्या गोल चकत्या, तपकिरी-काळे पडले आहेत. कॉन्चोंच्या कडेला हिरवट, चिकट असं काहीतरी जमलं आहे. घरची चांदीची भांडी अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी वापरून उजळतात, तेच इथे करावं का?

करू नका. फॉइलची युक्ती खोटी नाही, पण ती सुट्या ताटवाटीसाठी आहे. चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. गरम सोड्याच्या पाण्यात चांदी अ‍ॅल्युमिनियमला टेकली की त्यातलं गंधक सुटतं, म्हणून तर त्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. हे सॅडलवर घडवायचं तर चामडं भिजवावं लागेल. वेस्टर्न सॅडलचं चामडं बहुतेक वेळा झाडाच्या सालीच्या टॅनिनने कमावलेलं असतं आणि ते मुळात किंचित आम्लधर्मी असतं. सोडा अल्कधर्मी. तो मुरला की चामडं गडद होतं, मग कडक होतं आणि टाक्यांच्या रेषेवर तडकतं. हे नुकसान भरून येत नाही. दुसरं असं की कोरीवकामाच्या खोलगट भागातला काळा रंग कारागिराने मुद्दाम ठेवलेला असतो, नक्षी उठून दिसावी म्हणून. फॉइल तोही धुऊन नेते आणि वेलबुट्टी सपाट, पांढरट दिसायला लागते.

म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: चांदी चुका पचवते, चामडं पचवत नाही. सॅडलवरची चांदी उजळणं हे निम्म्याहून जास्त चामडं सांभाळण्याचं काम आहे. पुढची प्रत्येक पायरी त्याच हिशेबाने सांगितली आहे.

याच कारणाने आणखी काही गोष्टी बाद. बुडवून काढायचे 'सिल्व्हर डिप' द्राव नकोत. त्यांत आम्ल आणि थायोयुरिया असतं. पट्टीच्या कडेखाली शिरलेला थेंब पुसता येत नाही, तो तिथेच काम करत राहतो. अमोनिया असलेला कुठलाही क्लीनर नको, कारण तो मिश्रधातूतलं तांबं खातो आणि चामड्यावर काळा डाग पाडतो. टूथपेस्ट आणि टूथपावडर नको. त्यातले घासणारे कण चांदीवर ओरखडे पाडतात. चिंच, लिंबू, रांगोळी, राख, तांब्या-पितळेची भांडी घासायची भुकटी, यातलं काहीही सॅडलजवळ आणू नका. स्टील वूल तर अजिबात नको. ओरखडे पडतात ते पडतातच, पण त्याचे सूक्ष्म तुकडे चामड्यावर सांडतात, ओलावा लागला की लोखंड आणि टॅनिन मिळून शाईसारखे निळे-काळे ठिपके उमटतात आणि ते कायमचे राहतात.

आता कामाला हात घालण्याआधी धातू ओळखा. 'चांदीची सॅडल' म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच सॅडलवर चांदी असते असं नाही. चार प्रकार नेहमी भेटतात. पहिला, स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. कॉन्चोच्या मागे किंवा पट्टीच्या कडेला 'स्टर्लिंग' अशी अक्षरं किंवा ९२५ हा आकडा ठोकलेला असतो. फार जुन्या कामात ९०० किंवा 'कॉइन' असंही दिसतं. दुसरा, जर्मन सिल्व्हर. यात चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं. रंग किंचित पिवळसर राखाडी. जर्मन सिल्व्हर चांदीसारखं निळं-काळं पडत नाही, ते मळकट तपकिरी होतं आणि हिरवी पुटं धरतं. तिसरा, पितळेवर किंवा जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. उंचवट्यांवर, म्हणजे दोरीसारख्या काठावर किंवा फुलाच्या मधल्या गाठीवर, पिवळी झाक दिसली तर मुलामा झिजून खालचं पितळ उघडं पडलंय असं समजा. चौथा, लोखंडावर बसवलेली चांदी. ती सॅडलवर कमी, लगामाच्या बिटवर (घोड्याच्या तोंडातल्या धातूच्या कडीवर) आणि स्परवर (टाचेच्या आरीवर) जास्त दिसते.

लोहचुंबक लावून बघायचा मोह होतो. त्याने फक्त खाली लोखंड आहे का एवढंच कळतं. चांदी आणि जर्मन सिल्व्हर दोन्हींना चुंबक चिकटत नाही. सराफाकडे असते तशी आम्लाची चाचणी सॅडलवर करू नका, थेंब चामड्यावर पडला की संपलं.

एक पाचवी शक्यता ध्यानात ठेवा: धातूवर पारदर्शक लॅकर (वार्निशसारखा लेप) असणं. काळेपणा सलग नसून बेटांसारखा, नागमोडी रेषांमध्ये किंवा ओरखड्यांच्या कडेने असेल, आणि मधला भाग लख्ख असेल, तर वर लॅकर आहे आणि तो फुटलाय. अशा ठिकाणी कितीही घासा, डाग हलत नाही, कारण तो लॅकरच्या खाली असतो. सुट्या निघणाऱ्या कॉन्चोवरचा लॅकर अ‍ॅसिटोनने काढता येतो. सॅडलवर पक्क्या बसलेल्या पट्टीवर अ‍ॅसिटोन वापरू नये, तो चामड्याचा रंग आणि फिनिश क्षणात उचलतो.

आणि सर्वांत आधी सॅडलमेकरचा ठसा शोधा. तो फेंडरवर (रिकिबीच्या वरच्या रुंद चामड्यावर), लाटिगोच्या (तंग बांधायच्या पट्ट्याच्या) कीपरवर किंवा सीटच्या आसपास चामड्यात उमटवलेला असतो. पासाडेनाच्या रोझ परेडमध्ये घोड्यांवर दिसतात तशा चांदीने मढवलेल्या परेड सॅडल बनवणाऱ्या एडवर्ड बोलिन यांच्यासारख्या नावाजलेल्या कारागिराचा ठसा सापडला तर थांबा. अशा सॅडलची किंमत तिच्या मूळ पृष्ठभागात असते. ती जाणकाराला दाखवल्याशिवाय कोरड्या ब्रशपलीकडे काही करू नका. फोर-एच किंवा ब्रीड शोसाठी (एकाच जातीच्या घोड्यांच्या शोसाठी) वापरल्या जाणाऱ्या बहुतेक सॅडल कारखान्यात बनलेल्या असतात, त्यांच्यावर पुढचं सगळं निर्धास्त करता येतं.

काय उघडायचं आणि काय नाही, हे ठरवताना थोडं कंजूष राहा. कॉन्चो तीन पद्धतींनी बसवलेले असतात. काही चामड्याच्या दोरीने, म्हणजे कॉन्चोच्या दोन चिरांतून सॅडल स्ट्रिंग ओवून गाठ मारलेली असते. या दोऱ्या जुन्या असतील तर सोडू नका. त्या चिरेच्या ठिकाणीच वाळलेल्या असतात आणि सोडताना तुटतात. काही कॉन्चो शिकागो स्क्रूने बसतात, म्हणजे मळसूत्राची नळी आणि तिच्यात आवळलेला स्क्रू. हे ब्रेस्ट कॉलर (घोड्याच्या छातीचा पट्टा) आणि हेडस्टॉलवर (डोक्याच्या पट्ट्यांवर) जास्त असतात आणि बिनधास्त काढता येतात. परत लावताना आट्यांवर रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब सोडा, म्हणजे चालत्या घोड्यावर ते ढिले होत नाहीत. तिसरे, लाकडी ट्रीमध्ये, म्हणजे सॅडलच्या आतल्या सांगाड्यात, आवळलेल्या स्क्रूचे. यातले नुसते शोभेचे असतील ते काढता येतात, पण रिगिंगजवळचे स्क्रू काढू नका. तिथे तंगाचा सगळा भार येतो. काढलेल्या प्रत्येक कॉन्चोचा फोटो काढा, मागे पेन्सिलने क्रमांक घाला आणि त्याचा स्क्रू त्याच्याबरोबरच छोट्या पाकिटात ठेवा. लांबी सारखी दिसली तरी स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत. भोक सैल झालं असेल तर लाकडी दातकोरण्याचा तुकडा लाकडाच्या गोंदात बुडवून आत बसवा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू आवळा.

कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि कॅन्टलची किनार मात्र बारीक खिळ्यांनी पक्की ठोकलेली असते. ती उचकटायची नाही. उचकटली की पातळ पत्रा वाकतो, आणि वाकलेला पत्रा पूर्ववत होत नाही. ती जागच्या जागी, चामडं झाकून साफ करायची.

सामान फार लागत नाही. जुन्या पण स्वच्छ सुती बनियनचे किंवा फ्लॅनेलचे तळहाताएवढे वीस-पंचवीस तुकडे, धुताना फॅब्रिक सॉफ्टनर न घातलेले. कापसाचे शंभरेक बड आणि बांबूच्या काड्या. मऊ नैसर्गिक केसांचे दोन ब्रश, एक कोरड्या कामाला, एक ओल्या. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, रंग-वास नसलेला भांड्यांचा द्रव साबण, चांदी पुसायचं औषधी (पॉलिशचं द्रव्य मुरवलेलं) कापड, थोडं मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचा द्राव) आणि नायट्राइलचे हातमोजे. साधे रबरी हातमोजे घालू नका, रबरात गंधक असतं. चामडं झाकायला जुनी एक्स-रे फिल्म किंवा दुधाच्या प्लास्टिक कॅनचा पातळ कापलेला तुकडा उत्तम. आणि मुख्य वस्तू म्हणजे प्रेसिपिटेटेड चॉक, अर्थात शुद्ध, अतिबारीक कॅल्शियम कार्बोनेट. त्याची कठिणता चांदीच्या बरोबरीची असल्याने ते काळा थर काढतं आणि धातूला फारसं ओरबाडत नाही. संग्रहालयांत चांदीसाठी हेच वापरतात. फळ्यावरचा खडू त्याऐवजी चालत नाही, तो बऱ्याचदा जिप्समचा असतो आणि त्यात खरखरीत कण असतात. बाजारातली तयार सिल्व्हर क्रीमही चालतात, पण बहुतेकांना शेवटी वाहत्या पाण्याने धुणं गरजेचं असतं आणि सॅडलवर तेच जमत नाही. म्हणून क्रीम सुट्या काढलेल्या कॉन्चोंसाठी ठेवा, पक्क्या पट्ट्यांसाठी चॉक.

पहिली पायरी कोरडी. सॅडल स्टँडवर ठेवा, ब्रशने सगळी धूळ झटका, विशेषतः पट्टीची कडा आणि नक्षीच्या खाचा. अरीनातल्या (घोडे फिरवायच्या मैदानातल्या) वाळूचे कण तिथे अडकलेले असतात. ते असताना कापड फिरवलं की पॉलिशऐवजी वाळूच घासली जाते. उजळलेल्या चांदीवर दिसणारे केसासारखे ओरखडे बहुतेक इथूनच येतात.

त्यानंतर चामडं साफ करा, चांदी नव्हे. सॅडल सोप आणि जेमतेम ओला स्पंज, फेस कमीत कमी. मग २४ तास सावलीत वाळू द्या. तेल किंवा कंडिशनर अजून लावायचा नाही, तो सगळ्यात शेवटी. आधी तेल लावलं तर चॉकची पूड त्याला चिकटते आणि काळ्या चामड्यावर पांढरी रांग राहते.

हिरवा चिकट थर चांदी घासण्याच्या आधी काढा. धातूतलं तांबं आणि चामड्याच्या तेलातली स्निग्ध आम्लं यांची ती संयुगं असतात, मेणासारखी मऊ. नीट्सफूट तेल सढळ हाताने लावलेल्या सॅडलवर हा थर हमखास असतो, कारण तेल कॉन्चोच्या मागे जाऊन बसतं आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. आधी बांबूच्या काडीचं टोक चपटं करून तो कोरडाच खरवडा, बराचसा तसाच निघतो. काडी धातूच्या दिशेने चालवा, चामड्याच्या दिशेने नाही. उरलेल्यासाठी बड मिनरल स्पिरिटमध्ये बुडवून नीट निपटून घ्या आणि फक्त धातूवर फिरवा. बड हिरवा झाला की टाकून द्या. सुट्या कॉन्चोची मागची बाजू पूर्ण साफ करा, नाहीतर महिन्याभरात हिरवं पुन्हा कडेतून डोकावतं.

आता झाकण्याचं काम. एक्स-रे फिल्मचा तुकडा पट्टीच्या आकाराने कापा आणि त्याची कड पट्टीच्या काठाखाली अलगद सरकवा. जाईल तेवढीच, जोर न लावता. जिथे जात नाही तिथे रंगाऱ्याची निळी, कमी चिकट टेप लावता येते, पण आधी स्कर्टच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर लावून बघा. जुनं फिनिश टेपबरोबर उचललं जाऊ शकतं. एकेक पट्टी पूर्ण करून टेप काढायची. सगळ्या पट्ट्यांना टेप लावून मग कामाला बसलात तर पहिली टेप तोवर घट्ट चिकटलेली असते.

कपभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचे दोन थेंब. बड बुडवा, निपटा, धातू पुसा, मग नुसत्या पाण्याच्या बडने पुसा, लगेच कोरडं करा. घाम आणि जुन्या पॉलिशचा मळ इथेच निघून जातो आणि खरा काळेपणा किती आहे ते कळतं. काळेपणाचा रंग नीट बघा. तो पातळ असेल तर फिका पिवळा दिसतो, वाढला की तपकिरी, मग जांभळट-निळा आणि शेवटी काळा. पिवळ्या टप्प्यावर औषधी कापडच पुरतं, चॉकची गरज नाही. कमीत कमी जे चालेल तेवढंच करायचं, कारण कुठलंही पॉलिश चांदीचा अतिसूक्ष्म थर नेतंच. भरीव स्टर्लिंगला हे वर्षानुवर्षं परवडतं. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, त्याला परवडत नाही. कोरीवकामातल्या तिरक्या छेदांचे काठ धारदार असतात म्हणून ते प्रकाश फेकतात. दर शोआधी घासत राहिलं की काठ गोल होतात आणि कितीही चकाकी आणली तरी नक्षी निर्जीव दिसते.

तपकिरीपासून पुढे चॉक. दोन चमचे चॉकमध्ये थोडं थोडं डिस्टिल्ड वॉटर घालत दह्याइतकं घट्ट मिश्रण करा. वाहणारं नको, कारण वाहिलं की ते पट्टीखाली जातं. बोटाला कापड गुंडाळा, टोकाला मिश्रण घ्या, जास्तीचं दुसऱ्या कापडावर टिपून टाका आणि सरळ रेषेत, एकाच दिशेने पुसा. गोल गोल फिरवू नका. गोल घासलेल्या खुणा अरीनाच्या दिव्याखाली जाळ्यासारख्या चमकतात, सरळ रेषेतल्या दिसत नाहीत. कॅन्टलच्या किनारीवर लांबीच्या दिशेने, कोपऱ्याच्या पट्टीवर लांब बाजूने, कॉन्चोवर एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे. दाब हलका, खेपा जास्त. कापड काळं झालं की घडी बदला, आणि घड्या संपल्या की तुकडा बदला. एका तळहाताएवढ्या भागापेक्षा जास्त एका वेळी घेऊ नका, मिश्रण वाळलं की काढायला दुप्पट वेळ जातो.

नक्षीच्या खोलात ब्रश घालून तिथला काळेपणा उकरू नका. वरचे उंचवटे उजळले आणि खाच काळी राहिली, म्हणजे काम बरोबर झालं. पट्टी हातभर अंतरावरून बघा. शोमध्ये घोडा पळत असताना पंचाला ती त्याहून कितीतरी लांबून दिसते आणि तेव्हा डोळ्यात भरतो तो हा उजेड-सावलीचा फरक, सपाट आरसा नव्हे.

उरलेलं चॉक काढणं कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेला बड खाचांतून फिरवा, मग कोरडा मऊ ब्रश. कडेला अडकलेलं दातकोरण्याच्या टोकावर कापसाचे चार तंतू गुंडाळून काढा. फिल्म काढल्यावर काठावर बारीक पांढरी रेघ उरतेच, ती ओल्या बडने पुसा आणि लगेच कोरडी करा. शेवटी स्वच्छ फ्लॅनेलने सरळ रेषेत चमक आणा. कोपऱ्यांच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, कॅन्टल, हॉर्न आणि दहा-बारा कॉन्चो एवढं असेल तर एक पूर्ण दुपार धरून चाला. घाई असेल तर निम्मं काम दुसऱ्या दिवसावर टाका, पण शेवटची पुसापुशी अर्धवट सोडू नका.

हॉर्नच्या टोपीवर थोडा वेगळा विचार लागतो. तिथे हात आणि रोपिंगचा (जनावर फासात पकडायचा) दोर लागतो, म्हणून मुलामा सगळ्यात आधी तिथे जातो. पिवळं पितळ दिसत असेल तर त्याच्या कडेला अजिबात घासू नका, प्रत्येक वेळी ते पिवळं वर्तुळ मोठं होतं. साबणपाणी, औषधी कापडाचा एकच हलका हात आणि वर मेण, बस. जर्मन सिल्व्हरच्या भागांना चॉक पुरलं नाही तर फ्लिट्झसारखी सौम्य धातू-पेस्ट चालते, मुगाच्या दाण्याएवढी. तिचा रंग मात्र चांदीसारखा पांढरा होणार नाही. तो धातूच तसा आहे, जास्त घासून त्यातून चांदी निघत नाही. लोखंडावर चांदी बसवलेल्या बिटला पाणी कमीत कमी लावा, आजूबाजूचं तपकिरी लोखंड हेही मूळ फिनिशच असतं. घोड्याच्या तोंडात जाणाऱ्या भागाला कुठलंही पॉलिश लावायचं नाही.

उजळून झालं की त्याच दिवशी मेण. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स यासाठी छान आहे. बोटावर तांदळाच्या दाण्याएवढं घ्या, तळहाताएवढ्या भागावर पुसट थर पसरा, दोन-तीन मिनिटांनी फ्लॅनेलने चकाकी आणा. जास्त लावलं तर नक्षीत पांढरं बसतं. हाताळल्या जाणाऱ्या भागावर ते काही महिने टिकतं. घरी लॅकर मारू नका. सॅडलवर पाय, हात, दोर सतत घासतात, लॅकर कुठेतरी फुटतोच आणि मग तेच बेटांसारखे डाग. मेणानंतर चामड्याला कंडिशनर लावा, कापडावर घेऊन, धातूच्या काठापासून बोटभर लांब. थेट बाटलीतून ओतायचा नाही. काठाजवळचं चामडं तो आपसूक शोषून घेतं.

चांदी पुन्हा इतक्या लवकर काळी का पडते, हे सॅडल कुठे आणि कशाशेजारी ठेवता त्यावर ठरतं. शो बार्नमध्ये सगळीकडे दिसणारी एक सवय घ्या. राइड संपली की घोड्याच्या पाठीवरचं घामट लोकरी ब्लँकेट उलटं करून सॅडलवरच वाळत टाकतात. लोकरीच्या प्रथिनात गंधक असतं, घामात मीठ असतं आणि ब्लँकेट अजून गरम, ओलं असतं. रात्रभर हे सगळं थेट कॅन्टलच्या किनारीला आणि मागच्या कोपऱ्याच्या पट्ट्यांना चिकटून राहतं. पुढचे कॉन्चो लख्ख आणि मागची चांदी काळी, असं दिसलं तर कारण बहुतेक हेच. ब्लँकेटला वेगळी दांडी द्या.

तबेल्याच्या रबरी मॅट गंधक घालून पक्क्या केलेल्या असतात. त्यांच्या ढिगाशेजारी सॅडल ठेवू नका. लिदीचा ढीग हायड्रोजन सल्फाइड सोडतो, मूत्रातून अमोनिया येतो. त्यामुळे टॅक रूमचं (सॅडल-लगाम ठेवायच्या खोलीचं) दार स्टॉलकडे सतत उघडं नको. प्रोपेनच्या हीटरमध्ये गळती कळावी म्हणून गंधकयुक्त वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून तो हीटर टॅक रूममध्ये नसलेला बरा. तुम्ही पश्चिम टेक्सासात मिडलँड-ओडेसाच्या तेलपट्ट्यात असाल तर तिथल्या हवेतच गंधकाचं प्रमाण जास्त असू शकतं. ह्यूस्टनकडे असाल तर दमटपणा आणि खारी हवा. दोन्हीकडे चांदी लवकर काळी पडते, फक्त कारणं वेगळी.

वर सुती चादर किंवा सुती सॅडल कव्हर घाला. प्लास्टिकमध्ये बंद करू नका, चामड्याला बुरशी येते. पीव्हीसीची पिशवी तर धातूलाही वाईट. वर्तमानपत्र, फेल्ट, रबर बँड दूर ठेवा. चांदीचे कण विणीत असलेलं तपकिरी पॅसिफिक क्लॉथ मिळतं, त्याचे तुकडे कव्हरच्या आतून कोपऱ्यांवर आणि कॅन्टलवर टाका. हवेतलं गंधक आधी ते कापड पकडतं. नाहीतर गंधक शोषणाऱ्या कागदी पट्ट्या कव्हरखाली ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. सिलिका जेल भरमसाट टाकू नका, चांदीला कोरडी हवा मानवते पण चामडं वाळून तडकतं. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर दोघांचंही निभावतं. साधा आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो टॅक रूममध्ये टांगा.

पुढचं काम सराफी हाताचं आहे, घरी करू नका: सुटलेला कोरीव तुकडा डाग देऊन (सोल्डर करून) बसवणं, चेपलेला पत्रा वर आणणं, नवा मुलामा चढवणं. मुलाम्यासाठी पट्टी काढावीच लागते, म्हणून सॅडलमेकर आणि चांदीचा कारागीर दोघे मिळून काम करत असतील अशाच दुकानात द्या. निघालेला बारीक खिळा मात्र तेवढ्याच जाडीचा आणि लांबीचा आणून परत बसवता येतो, जुन्याच भोकात, हलक्या हातोडीने, डोक्यावर चामड्याचा तुकडा ठेवून. लोखंडी खिळा वापरू नका, तो गंजतो आणि चामड्यावर काळा डाग पाडतो.

शोबद्दल एवढंच सांगतो, कारण मुलीवर उगाच दडपण यायला नको. वेस्टर्न वर्गांच्या नियमावल्यांत चांदीच्या सामानाला चांगल्या, स्वच्छ, कामाच्या सामानापेक्षा झुकतं माप देऊ नये असा दंडक सर्रास असतो. झिजलेल्या मुलाम्याची पण नीट ठेवलेली सॅडल तिथे मान खाली घालत नाही. शोच्या दिवशी पॉलिशचा डबा घरीच ठेवा. सॅडल घोड्यावर चढवून, तंग आवळून झाल्यावर, फ्लाय स्प्रे (माश्यांचा) आणि शो शीन (घोड्याच्या केसांना चमक देणारा स्प्रे) मारून झाल्यावर, औषधी कापडाने चांदी एकदा पुसा. आधी पुसलीत तर स्प्रेचे थेंब तिच्यावर बसतात. त्यानंतर चांदीला उघडा हात लावायचा नाही. वर्ग संपला की ओलसर सुती कापडाने घाम पुसा, कोरड्याने टिपा आणि सॅडल ट्रेलरमधल्या रबरी मॅटवर न ठेवता रॅकवर चढवा.